ठाण्यातले ३६ डिग्री नागपूरच्या ४२ पेक्षा जास्त का छळतात, आणि घरात काय करायचं

मागच्या एप्रिलमध्ये नागपूरच्या काकूंचा फोन आला होता, मी नुसतं म्हटलं काकू इथे जीव नकोसा झालाय हो, तर म्हणाल्या किती आहे गं तुमच्याकडे, मी म्हटलं ३६, त्यावर त्या हसल्याच, म्हणे आमच्याकडे ४२ आहे आणि आम्ही दुपारी कूलर लावून छान झोपतो, तू असं कर, खिडकीला ओली चादर लाव आणि पंखा सोड. लावली मी. ठाण्यात वर्तकनगरला आमचं घर चौथ्या माळ्यावर, वर थेट गच्ची, त्यामुळे कोणी काही सांगितलं की आम्ही करून बघतोच. जुनी डबलबेडची चादर बादलीत बुडवली, पिळली, हॉलच्या ग्रिलला क्लिपा लावून अडकवली. पहिली दहा मिनिटं बरं वाटलं, मग तासाभरात खोली अशी कोंदली की सासूबाईंना श्वास जड वाटायला लागला, उठून बाहेर गॅलरीत जाऊन बसल्या. चार वाजता मी चादरीला हात लावला तर ती जवळपास जशीच्या तशी ओली होती. एवढ्या उन्हात, एवढ्या पंख्यात, चादर वाळली नाही.

त्या न वाळलेल्या चादरीत आपल्या उन्हाळ्याचं सगळं उत्तर आहे. तिचं पाणी हवा फारसं घेत नव्हती, तसंच आपल्या अंगावरच्या घामाचंही पाणी हवा फारसं घेत नाही.

आपलं शरीर दिवसरात्र उष्णता तयार करत असतं, झोपलेलो असलो तरी, आणि आतलं तापमान ३७ च्या आसपास टिकवायचं तर ती उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. थंडीत हे सोपं असतं, कातडीपेक्षा हवा थंड असते, उष्णता आपोआप निघून जाते. पण कातडी असते ३५ च्या आसपास आणि बाहेरची हवाच ३५-३६ झाली की तो रस्ता बंद. मग एकच रस्ता उरतो, घाम. आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, घाम आला म्हणजे अंग थंड झालं असं आपण धरून चालतो. घाम येऊन काही होत नाही, घाम *वाळला* पाहिजे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे सात-आठ लिटर नळाचं पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी लागते तेवढी, केवढी मोठी ताकद आहे बघा. पण तोच घाम हनुवटीवरून थेंब थेंब खाली पडला किंवा पाठीवरून ओघळून कपड्यात गेला तर अंगाला गारवा जवळपास शून्य, वर पाणी आणि मीठ गेलं ते गेलंच.

नागपूरला मे महिन्यात दुपारी हवेत आर्द्रता १५ टक्के वगैरे असते, हवा तहानलेली असते, घाम यायच्या आत वाळतो, कूलरची वाळ्याची ताटी काम करते, खिडकीची चादर काम करते. आपल्याकडे एका बाजूला खाडी, पलीकडे समुद्र, दुपारची आर्द्रता ५५-६० टक्के असणं काही विशेष नाही. मोबाइलवर तापमानाखाली अजून एक आकडा दिसतो, अंगाला किती वाटतंय त्याचा, तो तापमान आणि आर्द्रता दोन्ही धरून काढलेला असतो. त्यासाठी जे उष्मा निर्देशांकाचं गणित वापरतात त्यात ४२ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता टाकली तर उत्तर येतं साधारण ४०-४१. आणि ३६ डिग्री, ५५ टक्के टाकलं तर येतं ४५ च्या जरा वर. मी हे काकूंना पाठवलं. (त्यांनी फक्त एवढंच विचारलं की मग तुम्ही झोपता कसे.)

हवामान खातंसुद्धा हा फरक मानतं. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० झाल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत, किनारपट्टीवर ही मर्यादा ३७ ची आहे, अर्थात नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार डिग्रीने तरी जास्त असेल तर. त्यामुळे 'अजून ४० पण नाही झालं' हे वाक्य आपल्या भागात म्हणूच नये. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात कार्यक्रमाला बसलेली १४ माणसं उष्माघाताने गेली, तेव्हाही इथला पारा काही विदर्भासारखा नव्हता.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे ती वाऱ्याची. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी वारा बऱ्याचदा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो, तो तापलेला असतो. मग दुपारी कधीतरी समुद्रावरचा वारा सुटतो आणि पारा चढायचा थांबतो. ज्या दिवशी तो वारा उशिरा सुटतो त्या दिवशी तापमान एकदम वर जातं. आणि ठाण्याचं कसं आहे, समुद्र आणि आपण यांच्यामध्ये अख्खी मुंबई आणि येऊरचा डोंगर, त्यामुळे तो वारा दादर-वांद्र्याला पोचतो तेव्हा आपण अजून वाट बघत असतो. म्हणून घराच्या खिडक्या कधी उघडायच्या हे घड्याळ बघून ठरवू नका, वारा कुठून येतोय ते बघून ठरवा, पश्चिमेचा वारा लागला, पडदे हलायला लागले की उघडा.

आता घराकडे येऊ. टॉप फ्लोअरवाल्यांना माहितीये की दुपारी एकपेक्षा रात्री दहा जास्त त्रासाचे. मला हे बरीच वर्षं कळायचं नाही की सूर्य गेला तरी घर गरम का होत जातं. एकदा रात्री स्टुलावर चढून छताला तळहात टेकवला, तव्यावर पोळी टाकायच्या आधी आपण वरून हात धरून बघतो ना तसं लागलं, आणि त्याच वेळी खालची फरशी पायाला गार होती. सिमेंटचा स्लॅब ऊन साठवतो. वरून दिवसभर तापतो, ती उष्णता चार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून खाली यायला काही तास लागतात, आणि आपण जेवून झोपायची तयारी करतो तेव्हा ती बरोबर आपल्या डोक्यावर पोचते. मग पंखा काय करतो, छताखालची तीच तापलेली हवा खाली ढकलतो. अशा वेळी छताचा पंखा मंद ठेवून टेबल फॅन खाली फरशीजवळ लावा, आणि शक्य असेल तर गादी खाली घाला, दोन-तीन फुटांचा फरकसुद्धा जाणवतो.

खरा उपाय मात्र गच्चीवर आहे. गच्चीवर काळं डांबरी वॉटरप्रूफिंग असेल तर भर दुपारी त्याचा पृष्ठभाग ६० च्या वर जाऊ शकतो, पांढरा असेल तर बरंचसं ऊन तिथूनच परत जातं, स्लॅबमध्ये शिरतच नाही. चुना भिजवून, त्यात थोडं फेविकॉलसारखं चिकट काहीतरी घालून, झाडूने दोन हात मारले तरी एक उन्हाळा निघतो, महाग रंगच पाहिजे असं नाही. २०१० च्या उन्हाळ्यात अहमदाबादमध्ये फार माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि वस्त्यांमधली छतं पांढरी करणं हा पुढे त्यांच्या कामाचा मोठा भाग झाला. तिथे वस्त्यांमध्ये हे होऊ शकतं तर आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय यायला काय हरकत आहे. टॉप फ्लोअरच्या चार घरांचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नका, वरचा स्लॅब तापला की त्याखालच्या भिंती पण तापतात. गच्चीवर पत्र्याची शेड असेल आणि बाजू मोकळ्या असतील तर ती सुद्धा सावली देते, मधून वारा जातो, फक्त तिच्या बाजू बंद करून अडगळ भरू नका.

खिडक्यांचं साधं गणित असं, बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तेव्हा उन्हाकडची खिडकी बंद आणि पडदा ओढलेला, बाहेर गार झालं की दोन्ही बाजूच्या उघड्या. आपण उलटं करतो, दुपारी 'जरा हवा येऊ दे' म्हणून पश्चिमेची खिडकी सताड उघडतो आणि संध्याकाळी डासांच्या भीतीने सगळं बंद. डासांसाठी जाळी लावा, दुकानात वेल्क्रोची मिळते, फार खर्च नाही. पडद्याबद्दल एक सांगते, आतला जाड पडदा काचेतून आलेलं ऊन अडवतो खरा पण तोपर्यंत ते ऊन घरात आलेलं असतं, पडदा तापतो आणि खोली तापवतो. तेच ऊन काचेच्या *बाहेर* अडवलं तर फरक मोठा. ग्रिलच्या बाहेरून बांबूची चिक, किंवा नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट, नाहीतर जुनी सुती साडी. आणि ग्रिलमध्ये कुंड्या, बादल्या, रद्दी, सायकल कोंबलेली असेल तर ती आधी काढा, वारा यायला जागाच नसते आणि आपण वाऱ्याला दोष देतो. एक खिडकी उघडून उपयोग नसतो, वाऱ्याला यायला जशी वाट लागते तशी जायला पण लागते. समोरासमोर खिडक्या नसतील तर रात्री टेबल फॅन दुसऱ्या खोलीच्या खिडकीत तोंड बाहेर करून ठेवा, तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या बाजूने गार हवा आपोआप ओढली जाते. हे ऐकायला विचित्र वाटतं, आम्हाला पण वाटलं होतं, पण अर्ध्या तासात खोलीचा कोंदटपणा जातो.

कोंदटपणा वरून आठवलं, दमट हवेत घरात अजून ओलावा आणू नका. दुपारी बंद खोलीत ओल्या फडक्याने लादी पुसणं, धुतलेले कपडे हॉलमध्ये वाळत घालणं, पाणी भरलेला कूलर, हे सगळं त्या माझ्या चादरीसारखंच. मशीनमधून काढलेल्या कपड्यांत लिटर-दोन लिटर पाणी सहज असतं, ते जातं कुठे, आपल्याच हवेत. डाळ-भाताचा कुकर सकाळी आठच्या आत लावून टाकायचा, एक्झॉस्ट चालू ठेवायचा, दुपारी गॅस पेटवायचाच नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचं जेवण म्हणजे सकाळचाच भात, ताक, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, आणि कोणाची तक्रार नसते. (भात सकाळचा म्हणजे दुपारपर्यंतच हं, रात्रीपर्यंत बाहेर ठेवलेला भात या हवेत खराब होतो.)

पंख्याबद्दल खूप लोक विचारतात की गरम हवा फेकतो मग लावायचा का. लावायचा. आपल्या अंगालगत घामाच्या वाफेचा एक थर बसलेला असतो, पंखा तो थर उडवतो, म्हणून दमट हवेत पंख्याशिवाय घाम वाळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की खोलीचं तापमान ४० च्या खाली असेल तोवरच पंखा वापरा, त्याच्या वर तो अंग तापवतो. सिमेंटच्या घरात आपण सहसा त्या आकड्यापर्यंत जात नाही. पण वागळे इस्टेटच्या किंवा दिघ्याच्या चाळींमध्ये, जिथे डोक्यावर नुसता पत्रा आहे, तिथे दुपारी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं, तिथे पंखा पुरणार नाही. बारा ते चार घरात बसायचंच नाही, खालच्या माळ्यावर, झाडाखाली, देवळाच्या सभामंडपात, कुठेही जा, विशेषतः म्हातारी माणसं आणि लहान पोरं.

आणि एक स्वस्त युक्ती जी दमट हवेत पण चालते, अंगच ओलं करायचं. हात कोपरापर्यंत, मान, चेहरा, पाय साध्या पाण्याने ओले करून पंख्यासमोर बसा, दर पंधरा-वीस मिनिटांनी परत. घामाचं काम नळाचं पाणी करतं आणि अंगातलं पाणी वाचतं. बादलीत पाय बुडवून बसलं तरी बरं वाटतं, तिथे वाळण्याचा प्रश्नच नाही, पाणीच सरळ उष्णता घेतं. फक्त दुपारी टाकीचं पाणी नळाला चटका देतं, म्हणून सकाळीच दोन बादल्या भरून बाथरूममध्ये झाकून ठेवा.

एसी असेल तर १८ वर लावून लवकर गार होत नाही, तो गार त्याच वेगाने करतो, फक्त थांबत नाही आणि बिल वाढतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमाने जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे एसी मुळातच २४ वर सेट होऊन येतात, आणि त्यांच्या हिशेबाने एकेक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते. २६ वर एसी आणि सोबत पंखा, एवढ्यात झोप लागते. आपल्यासाठी एसीचा खरा फायदा तो हवेतलं पाणी काढतो हा आहे, बाहेर पाइपातून टपटप पडतं ते आपल्याच खोलीतलं, म्हणून ज्या रात्री गरम कमी आणि चिकचिक जास्त असते तेव्हा ड्राय मोड लावून बघा.

पिण्याचं बोलायचं तर तहानेवर विसंबू नका, वय झालं की तहानच कमी लागते. आमच्या सासूबाईंना दिवसभर पाणी नको असतं, मी त्यांच्यासमोर एक लिटरची बाटली ठेवते आणि जेवणापर्यंत संपवायची असं सांगते, लाडीगोडीने. ताक, कोकम सरबत, नाचणीची आंबील, शहाळं, ताडगोळे, हे सगळं उत्तम, कैरीचं पन्हं पण चालेल पण डायबिटीस असेल तर त्यातला गूळ लक्षात ठेवा. घरात बसून साधं जेवण जेवणाऱ्याला वेगळं मीठ लागत नाही. उन्हात काम करून धारा लागल्या असतील, जुलाब-उलट्या असतील, तर मात्र ओआरएस. घरी करायचं तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा, आणि मोजूनच, अंदाजे नाही. विकत घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचं पाकीट मागा. नाव ओआरएससारखं आणि आत गोड सरबत असले डबे वर्षानुवर्षं विकले गेले, ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी मीठ-पाणी किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील तर उन्हाळ्याआधी एकदा दाखवून या, स्वतःहून गोळी बंद करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पायात गोळे, चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, ही शरीराची हाक आहे, तेव्हाच सावलीत आडवं व्हायचं, कपडे सैल करायचे, पाणी घ्यायचं, बहुतेकदा तासाभरात बरं वाटतं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, तोल जातोय, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो उष्माघात. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. अंग कोरडं असेल तरच उष्माघात असं समजू नका, घाम असतानाही होतो. १०८ ला फोन लावा आणि गाडी यायची वाट न बघता थंड करायला सुरुवात करा, कपडे काढा, नळाखाली धरता आलं तर धरा, नाहीतर बादल्या ओता आणि जोरात वारा घाला, बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, सरबत, काहीच घालू नका, श्वासनलिकेत जाईल. तापाची गोळी देऊ नका, हा ताप आजाराचा नाही, गोळीने उतरत नाही. कांदा हुंगवणं, तळव्याला चोळणं यात वेळ जातो, तेवढ्या वेळात दोन बादल्या ओतून होतात.

पहिला उकाडा जास्त घातक असतो हे पण सांगून ठेवते. शरीराला गरमीची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून मार्चच्या शेवटी एकदम पारा चढतो तेव्हा जपा, मे महिन्यात त्याच तापमानाला आपण जरा तयार झालेले असतो. दिवसभर ऑफिसच्या एसीत बसणाऱ्यांना ही सवय होतच नाही, त्यांनी रविवारी भर दुपारी सामान शिफ्ट करायला उभं राहू नये.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या माळ्यावर एक आजी एकट्या असतात, मुलगा बाहेरगावी. उन्हाळ्यात मी आणि शेजारच्या वहिनी वाटून घेतो, एकीने सकाळी अकराला आणि एकीने संध्याकाळी सातला जायचं. आधी आम्ही दारातूनच विचारायचो, आजी बऱ्या आहात ना, त्या म्हणायच्या हो गं बाई बरी आहे, आणि आम्ही परत. आता आत जातो, दोन मिनिटं बसतो, खोली कशी लागते ते बघतो, आणि सरळ विचारतो की आजी सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात आणि रंग कसा होता. पहिल्यांदा त्या लाजल्या. आता आम्ही दारात दिसलो की स्वतःच सांगतात, दोनदा गेले, पिवळी होती, दे ते ताक.